आंग्र्यांची गोदी

विजयदुर्गास येणारा प्रवासी किल्ला पाहून परततो. गिर्ये येथील खाडीकाठची, कातळ खोदून केलेली गोदी मात्र उपेक्षितच राहते. लांबी सुमारे ३५० फूट. भरतीला जहाज आत घ्यावे, पाणी उतरले की तळाचे शेवाळ-शिंपा खरवडून फटी बुजवाव्यात. नवे बांधण्यापेक्षा जुने डागडुजी करून पुन्हा पाण्यात लोटणे केव्हाही स्वस्त. आणि शत्रूचे धरून आणलेले तर फुकटच! (रक्ताचा हिशेब सोडून.) १७४९ साली आंग्र्यांनी पकडलेले कंपनीचे 'रिस्टोरेशन' असेच तुळाजींच्या आरमारात आले. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचा गोळा नेमका त्याच्यावर पडला. बाकीची गलबते त्याला लगटूनच बांधलेली. सारे आरमार जळाले. कातळातली गोदी तेवढी राहिली.