सुपर ऑडिओ सीडी आणि सहा तारा

सोनी व फिलिप्स यांची सुपर ऑडिओ सीडी १९९९ साली बाजारात आली. पाठोपाठ २००० मध्ये डीव्हीडी-ऑडिओ आली. दोन्ही तबकड्यांवर साध्या सीडीहून कितीतरी अधिक ध्वनितपशील साठवलेला असतो. मात्र प्लेअर व रिसीव्हर ऑप्टिकल केबलने जोडल्यास तो तपशील होम थिएटरपर्यंत पोहोचत नाही. नक्कल रोखण्याच्या अटींमुळे मूळ दर्जाचा संकेत त्या तारेतून सोडलाच जात नाही. हायब्रिड तबकडीवरील फक्त सीडीचा थर ऐकू येतो आणि महागड्या तबकडीचे पैसे वाया गेल्याचे कित्येकांना कळतही नाही.

जुन्या यंत्रांसाठी म्हणूनच सहा अॅनालॉग तारा लागतात: पुढच्या दोन स्पीकरांच्या, मधल्याची, मागच्या दोघांच्या आणि सबवूफरची. स्पीकरांचे आकार व अंतर या वेळी प्लेअरच्याच मेनूत भरावे लागते, कारण बहुतेक रिसीव्हर या मार्गाने आलेल्या आवाजात फेरफार करीत नाहीत. सबवूफर गप्प राहिल्यास कारण बहुधा येथेच सापडते.

एचडीएमआयच्या १.१ आवृत्तीने २००४ मध्ये डीव्हीडी-ऑडिओची, तर १.२ ने २००५ मध्ये सुपर ऑडिओ सीडीची सोय एकाच तारेत केली. दोन्ही यंत्रांत ती आहे काय, हे मात्र माहितीपुस्तिकेत आधी पाहावे.