लाईन गेली! : २५ वर्षांचा हिशोब

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा सचिवांचा निरोप आला म्हणून सोसायटीची जुनी व्हाउचरे चाळली. त्यात २००५ च्या उन्हाळ्यातले मेणबत्त्यांचे बिल सापडले आणि विषय मिळाला.

आपण २००० साली इथे राहायला आलो तेव्हा लाईन जायची ती वादळवाऱ्याने. पुढे मागणी वाढली, निर्मिती मागे पडली. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला. ६ जून २००५ रोजी वीज मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण झाल्या. पाटी बदलली, भारनियमन राहिले. शेजारच्या चंद्रपुरात वीज तयार व्हायची आणि आपण यवतमाळात गच्चीवर पुठ्ठ्याने वारा घेत बसायचो. दिव्याखाली अंधार, दुसरे काय!

मग घरोघरी इन्व्हर्टर आले. हिशोब मात्र कोणी केला नाही. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १८०० वॉट-तास. बँकवाल्याच्या भाषेत सांगतो, हे बचत खाते आहे आणि त्यात निम्मी शिल्लक ठेवावीच लागते. उरलेल्या ९०० मधून इन्व्हर्टर आपली वटणावळ कापतो. दोन जुने पंखे आणि एक ट्यूब चार तास चालते, बस्स. आपण त्यावर टीव्ही, मिक्सर सगळेच लावले. भारनियमनात भरणा कमी आणि उचल जास्त. त्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचे विसरलो. बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत बसल्या.

एक चूक मात्र माझी स्वतःची. २००७ साली जिन्यातल्या दिव्यांसाठी सामाईक इन्व्हर्टरचा ठराव आला. मी खजिनदार. “ज्याने त्याने टॉर्च घ्यावा,” म्हणून मीच तो पाडला. त्याच पावसाळ्यात पहाटे नळ आले म्हणून सौ. बादली घेऊन खाली निघाली आणि अंधारात जिन्यावरून घसरली. खुबा मोडला. पुढच्या सभेत तोच ठराव मी मांडला. कोणी मला एका शब्दाने बोलले नाही, हे आजही विसरलेलो नाही.

२०१२ च्या अखेरीस, जास्त वीजगळतीचे भाग वगळून, राज्य भारनियमनमुक्त झाल्याचे जाहीर झाले. इन्व्हर्टर अडगळीत गेले. आता फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजना आहे. घरगुती ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळते. पण लक्षात घ्या, बॅटरी नसलेले साधे सोलर लाईन गेली की भर उन्हातही बंद पडते. तारेवर काम करणाऱ्या लाईनमनला झटका बसू नये म्हणून ती सोय असते. अंधारात उपयोग हवा तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. लिथियमची महाग पडते, पण तिच्यातून ८० टक्के उचल करता येते आणि पाणी घालावे लागत नाही.

आज आपल्यातले बरेच जण सत्तरी ओलांडलेले, मुले पुण्या-बंगलोरला. एखाद्या घरी ऑक्सिजनचे यंत्र लागले तर ते तासाला ३००-४०० वॉट-तास खाते. म्हणून सामाईक बॅटरी घेताना आधी यादी करावी : जिना, फाटक आणि आजाऱ्याची खोली. पंप तिच्यावर नको. सुरू होताना तो कितीतरी पट करंट ओढतो. त्यापेक्षा लाईन असतानाच टाकी भरून ठेवावी.

येत्या वार्षिक सभेत हा विषय येणार आहे. आता मी खजिनदार नाही, पण हात वर करायला नक्की येईन.