जन्मतः एकच किडनी : घाबरू नका, पण विसरूही नका

आईच्या पोटात पाच-सहा आठवड्यांच्या सुमारास बाळाच्या किडन्या तयार होऊ लागतात. कधी कधी एका बाजूची किडनी तयारच होत नाही. साधारण 1000 ते 2000 बाळांमागे एका बाळाचे असे होते. बहुतेक वेळा नेमके कारण सापडत नाही. त्यामुळे 'ग्रहणात चाकू धरला, म्हणून असे झाले' असे म्हणून सुनेला दोष देणे चूक आहे.

कधी कळते?

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत हे दिसू शकते. कधी किडनी जागेवर नसून खाली ओटीपोटात असते, म्हणून पुन्हा तपासणी करतात. कित्येकांना तर मोठेपणी, दुसऱ्याच कारणाने सोनोग्राफी केल्यावर समजते.

एक किडनी पुरते का?

हो. ती आकाराने वाढते आणि दोघींचे काम सांभाळते. शाळा, नोकरी, निकाह, मुलेबाळे, सगळे बहुतेकांचे नीट होते. फक्त तिच्या मदतीला दुसरी नाही, हे लक्षात ठेवायचे.

त्रास कोणते होऊ शकतात?

• काहींमध्ये वर्षांनंतर बीपी वाढते, लघवीतून प्रोटीन जाते आणि किडनी हळूहळू कमजोर होते. सुरुवातीला काहीच दुखत नाही.

• काही मुलांत लघवी उलटी किडनीकडे चढते आणि इन्फेक्शन होते. सर्दी-खोकला नसताना ताप आला, तर लघवी तपासून घ्या.

• काही मुलींच्या गर्भाशयाची रचना वेगळी असते. वयात आल्यावर दर महिन्याला पोटात असह्य दुखत असेल, तर लाजेने गप्प न बसता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. काही मुलांत त्या बाजूची वीर्यनलिका नसते.

काय सांभाळावे?

वर्षातून एकदा बीपी आणि लघवीतील प्रोटीन तपासा. रक्तातील क्रिएटिनिन डॉक्टर सांगतील तेव्हा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या किंवा कुणी दिलेले भस्म मनाने घेऊ नका. मीठ बेताचे ठेवा. जुलाब-उलट्या झाल्या तर शरीरातले पाणी कमी होऊ देऊ नका. क्रिकेट, धावणे खुशाल चालू द्या. कुस्ती, बॉक्सिंगबद्दल आधी विचारा.

रमजानच्या आधी डॉक्टरांना भेटा. किडनी नीट चालत असेल तर अनेकांना रोजे जमतात. डॉक्टरांनी मनाई केली, तर शरियतने आजारी माणसाला सवलत दिलेलीच आहे.

लपवू नका

'रिश्ता जुळणार नाही' म्हणून, खास करून मुलींच्या बाबतीत, घरचे ही गोष्ट दडवतात. मग सासरी तपासणी बंद पडते. गरोदरपणात बीपीवर जास्त लक्ष ठेवावे लागते, तेव्हा डॉक्टरांना माहितीच नसते. आम्हा शिक्षकांनाही पालकांनी हे सांगून ठेवावे, म्हणजे पाणी प्यायला किंवा लघवीला जायला आम्ही मुलाला अडवणार नाही. रिपोर्टची फाईल जपून ठेवा आणि मूल समजते झाले की ती त्याच्या हाती द्या.