पेढी, बँक आणि खिशातील यंत्र

मद्रास शहराच्या समुद्रकाठी एके काळी तीन इंग्रज पेढ्यांचे नाव सरकारच्या नावाइतकेच वजनदार होते : पॅरी, बिनी आणि आर्बथनॉट. त्यांतील आर्बथनॉट आणि कंपनी ही पेढी व्यापार तर करीच, पण लोकांच्या ठेवीही स्वीकारी आणि व्याजही बरे देई. निवृत्त अधिकारी, जमीनदार, वकील, विधवा अशा नाना थरांतील माणसांनी आयुष्यभराची पुंजी तिच्या हवाली केली होती. तारण काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. पेढीचे प्रमुख सर जॉर्ज आर्बथनॉट यांचे समाजातील स्थान हेच तारण मानले गेले.

२२ ऑक्टोबर १९०६ या दिवशी, सोमवारी, या पेढीने व्यवहार थांबविले. दोनच दिवसांपूर्वी लंडनमध्ये तिचे भागीदार पॅट्रिक मॅकफेडियन यांनी आगगाडीखाली देह झोकून दिला होता. तेव्हा कोठे मद्रासच्या ठेवीदारांस कळले की, आपला पैसा मद्रासमध्ये नव्हताच. तो लंडनच्या जोडपेढीकडे गेला होता आणि तेथून परदेशांतील सट्ट्यांत गुंतला होता. पेढीची पाटी मद्रासला, हिशेबाच्या वह्या मद्रासला. निर्णय मात्र सहा हजार मैलांवर, ठेवीदाराच्या दृष्टीआड. हजारो कुटुंबांचा संसार उघड्यावर पडला. सर जॉर्ज यांच्यावर मद्रासमध्येच खटला चालून त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. एका इंग्रज ‘सर’ला हिंदुस्थानात अशी शिक्षा व्हावी, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पण शिक्षेने ठेवी परत येत नाहीत.

ठेवीदारांची बाजू मांडणाऱ्यांत व्ही. कृष्णस्वामी अय्यर नावाचे एक नामांकित वकील होते. बुडालेल्या पेढीची मालमत्ता वाटून घेण्यापुरते आपले काम आहे, असे त्यांनी मानले नाही. ज्यांचा पैसा, त्यांचीच बँक असावी, हा विचार त्यांनी शहरातील प्रतिष्ठितांपुढे मांडला. बंगालच्या फाळणीनंतरचे ते स्वदेशीचे दिवस होते. बँक ऑफ मद्रास ही मोठी बँक १८४३ पासून उभी होती खरी, परंतु तिचा कारभार युरोपियनांच्या हाती होता. नाट्टुकोट्टै चेट्टियार सावकारांचे पाठबळ मिळाले आणि ५ मार्च १९०७ रोजी इंडियन बँकेची नोंदणी झाली. व्यवहार सुरू झाला तो दिवस १५ ऑगस्ट १९०७. पुढे बरोबर चाळीस वर्षांनी हीच तारीख साऱ्या देशाची व्हावी, हा केवळ योगायोग. महाराष्ट्रातील श्रोत्यांना येथे अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाची आठवण होईल. पैशा-पैशाने जमलेल्या त्या निधीतून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. मुलूख वेगळे, भाषा वेगळी, परंतु दोन्हीकडे मनातील शल्य एकच होते : पैसा आपला आणि किल्ली दुसऱ्याची.

किल्ली कोणाची, हा प्रश्न शंभर वर्षांनी त्याच शहरात नव्या वेषात उभा राहिला. मोबाईल फोनवरून पैसे धाडता येतील, ही गोष्ट जेव्हा पुष्कळांना स्वप्नवत वाटत होती, तेव्हा २००६ मध्ये मद्रासची आयआयटी आणि हैदराबादची बँकिंग तंत्रज्ञान संस्था यांनी मिळून मोबाईल पेमेंट फोरम ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. प्रत्येक कंपनीने आपापली निराळी वाट न काढता सर्व बँकांना सामाईक नियम असावेत, हा त्यामागील दृष्टिकोन. पुढे राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळ बँकांच्या मालकीचे म्हणून निघाले आणि एप्रिल २०१६ मध्ये त्याने यूपीआय ही पद्धती सुरू केली.

येथे आर्बथनॉटची तुलना ताणून धरणे मात्र चुकीचे ठरेल. यूपीआयमध्ये ग्राहकाचा पैसा कंपनीकडे जातच नाही. तो एका बँकेतून थेट दुसऱ्या बँकेत जातो. रस्ता देशाचा आहे. परंतु रस्त्यावर चढण्याचे दरवाजे कोणाचे? २०२४ च्या अखेरीस यूपीआयचे चार-पंचमांशांहून अधिक व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोनच दरवाजांतून होत होते. एकाची बहुसंख्य मालकी अमेरिकेच्या वॉलमार्टकडे, दुसरा गुगलचाच. एका कंपनीकडे तीस टक्क्यांहून अधिक व्यवहार नसावेत, असा नियम महामंडळाने २०२० मध्ये केला. त्याची मुदत मात्र दोनदा वाढवून ती २०२६ च्या अखेरीपर्यंत नेण्यात आली. कारण सरळ आहे. भाजीवाल्याच्या गाडीवर लोक जे यंत्र वापरतात ते एका फर्मानाने बदलत नाही, आणि बदलायला भाग पाडले तर त्रास भाजीवाल्यालाच होतो. रिझर्व्ह बँकेने मात्र एप्रिल २०१८ मध्येच आज्ञा काढून व्यवहारांची सर्व माहिती देशातच साठविण्याचे बंधन घातले होते. १९०६ मध्ये लंडनला पैसा गेला होता; आता काळजी माहितीची होती.

खरी झुंज चेन्नईत वेगळ्याच दारावर झाली. विवाह जुळविण्याचा व्यवसाय करणारी मॅट्रिमनी डॉट कॉम ही चेन्नईची कंपनी. तिच्यासारख्या कंपन्यांच्या ग्राहकांनी ॲपमधून पैसे भरले की, गुगल आपल्या दुकानाचे शुल्क मागे. दुसरी पेमेंट पद्धत वापरली तरी अकरा किंवा सव्वीस टक्के. हे शुल्क २००७ च्या पेमेंट कायद्याशी विसंगत आहे, असे म्हणत कंपन्यांनी मद्रास उच्च न्यायालयाकडे धाव घेतली. ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितले की, हा विषय स्पर्धा आयोगाचा आहे, आणि जानेवारी २०२४ मध्ये खंडपीठानेही तेच कायम केले. १ मार्च २०२४ रोजी गुगलने दहा कंपन्यांची ॲपे आपल्या दुकानातून काढून टाकली. त्यांत मॅट्रिमनीचीही होती. मध्यस्थीस केंद्रीय मंत्री आले, तेव्हा काही दिवसांत ती परत ठेवली गेली.

गुगलचे म्हणणेही अगदीच पोकळ नाही. दुकान चालविण्यास, ते सुरक्षित ठेवण्यास खर्च येतो, आणि बहुसंख्य ॲपांना काहीच शुल्क नाही. पण ज्या दुकानाशिवाय गावात दुसरे दुकान नाही, तेथील भाडे हे भाडे राहते की खंडणी होते, हे ठरविणे कठीण असते. ते ठरविण्याचे काम आयोगाने आधीच, ऑक्टोबर २०२२ मध्ये, आपल्या परीने केले होते आणि गुगलला ९३६ कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो सुमारे २१६ कोटींवर आणला, आणि त्याच वर्षी हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या दारी गेला.