छायाचित्रांची तबकडी

रत्नागिरीहून किनाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळ्याकडे निघाले की वाटेत आरे-वारे लागते. रस्ता डोंगराच्या अंगावरून जातो आणि एका वळणावर एकाच वेळी दोन पुळणी नजरेत येतात. डिसेंबर २००३ मध्ये आम्ही घरची मंडळी तिथे गेलो होतो. आतेभावाने त्याचा डिजिटल कॅमेरा चार दिवसांसाठी दिला होता. सुमारे वीस लाख चित्रबिंदूंचा, ३२ मेगाबाइटचे कार्ड असलेला. ३८ फोटो काढल्यावर कार्ड भरले.

आजीचे गुडघे दुखत असल्यामुळे ती घरीच राहिली होती. तिला समुद्र दाखवायचा तर घरात पडदा एकच होता, टीव्हीचा. म्हणून बाबांनी एका स्टुडिओतून फोटोंची सीडी 'मारून' आणली. व्हीसीडी प्लेअरमध्ये ती घातली की दर पाच सेकंदांनी फोटो बदलत असे. आजी मध्येच म्हणायची, "अरे, थांबव जरा, बघू दे." नंतर कार्ड पुसले आणि कॅमेरा परत केला. मूळ फोटोंचे काय, हा प्रश्न कोणाच्याच मनात आला नाही. सीडी तर हातात होती.

आता आजी नाही, बाबाही नाहीत. काही वर्षांपूर्वी ती सीडी मी संगणकावर उघडली. तिच्यात काय सापडले आणि काय सापडले नाही, हे समजण्यासाठी फोटो टीव्हीच्या पडद्यावर कसा पोहोचला, हा इतिहास थोडा पाहावा लागेल.

टीव्हीचाच पडदा का?

डिजिटल छायाचित्र आणि टीव्ही यांची सोबत अगदी पहिल्या दिवसापासूनची आहे. १९७५ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्ह सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जोडून तयार केला. वजन साडेतीन किलोहून अधिक. चित्र १०० × १००, म्हणजे फक्त दहा हजार बिंदूंचे. एक चित्र साध्या कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. आणि ते पाहायचे कुठे? टीव्हीवर. १९८१ मध्ये सोनी कंपनीने 'मॅविका' हा कॅमेरा दाखवला. त्यातील चित्र आकड्यांच्या नव्हे, तर विद्युत संकेताच्या रूपात छोट्या चुंबकीय चकतीवर साठत असे. तेही टीव्हीवरच पाहायचे होते.

कारण उघड आहे. संगणक मोजक्या घरांत, टीव्ही मात्र घरोघरी. पण टीव्ही स्थिर फोटोंसाठी बनलेला नव्हता. भारतात वापरात असलेल्या पद्धतीत एक चित्र ६२५ रेषांचे असे आणि त्यातील ५७६ रेषांवर प्रत्यक्ष दृश्य असे. या रेषा एका दमात काढल्या जात नसत. आधी विषम क्रमांकाच्या, मग सम क्रमांकाच्या. नेमकी एकाच रेषेवर येणारी बारीक आडवी कडा, उदाहरणार्थ समुद्राचे क्षितिज, सेकंदाला २५ वेळाच उजळे आणि थरथरताना दिसे.

दुसरी अडचण कडांची. काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्र मुद्दामच पडद्यापेक्षा थोडे मोठे पाडले जाई, म्हणजे विजेचा दाब कमी-जास्त झाला तरी कडेला काळी पट्टी दिसू नये. त्यामुळे चारही बाजूंचा सुमारे पाच टक्के भाग चौकटीआड जाई. चित्रपट किंवा बातम्या पाहताना हे जाणवत नाही. फोटोत मात्र कडेला माणूस उभा असू शकतो.

सोनेरी तबकडीचा शहाणपणा

१९८२ मध्ये फिलिप्स आणि सोनी यांची कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली ती संगीतासाठी. बारा सेंटिमीटर व्यासाच्या या चकतीवर आतून बाहेर जाणारी एकच नागमोडी वाट असते. ती उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब भरते. शेजारच्या दोन वळणांतील अंतर फक्त १.६ मायक्रॉन.

एवढी जागा फोटोंनाही वापरता येईल हे ओळखून कोडॅकने १९९२ मध्ये 'फोटो सीडी' आणली. फिल्म स्टुडिओत द्यायची, तिथे ती यंत्राने वाचून सुमारे शंभर फोटो सोनेरी तबकडीवर उतरवले जायचे आणि खास प्लेअरवरून टीव्हीवर पाहायचे. या योजनेत एक मोठा शहाणपणा होता. प्रत्येक फोटो पाच वेगवेगळ्या आकारांत साठवला जाई. टीव्हीसाठी ७६८ × ५१२ बिंदू पुरेसे होते, पण त्याच तबकडीवर ३०७२ × २०४८ बिंदूंची मोठी प्रतही असे. पाहण्यासाठी लहान, जपण्यासाठी मोठे.

तरीही फोटो सीडी घरोघरी गेली नाही. प्लेअर वेगळा, खर्च मोठा, आणि चित्राची सांकेतिक बांधणी कंपनीने स्वतःच्या ताब्यात ठेवलेली. त्याच वर्षी, १९९२ मध्ये, 'जेपेग' हे खुले प्रमाणक संमत झाले. त्याचा गाभा असलेले गणित बंगळुरूत जन्मलेले नसीर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केले होते. चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातील छटांचे हलके आणि जलद चढउतार वेगळे करायचे आणि डोळ्याला न जाणवणारे बारीक चढउतार टाकून द्यायचे. फोटोची जागा दहाव्या हिश्श्यावर येते आणि फरक सहसा दिसत नाही. खासगी बांधणी मागे पडली, खुली टिकली. आजही आपल्या फोनमधील बहुतेक फोटो जेपेगमध्येच असतात.

'बर्न' करणे म्हणजे काय?

गाण्यांची विकतची सीडी साच्यातून दाबून काढतात. तिच्यावर खरोखरचे सूक्ष्म उंचवटे आणि सपाट भाग असतात. घरी लिहिता येणाऱ्या सीडीची युक्ती निराळी, आणि ती १९८८ मध्ये जपानच्या तायो युडेन कंपनीने शोधली. पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या चकतीवर आधीच एक रिकामी खाच कोरलेली असते. तिच्यावर सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर, त्यावर सोन्याचा किंवा चांदीचा परावर्तक थर आणि सगळ्यात वर लाखेसारखे लेपन. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर जोरात पडला की त्या जागचे रंगद्रव्य उष्णतेने विघटित होते आणि तिथून प्रकाश कमी परत येतो. वाचताना तोच लेसर मंद ठेवतात. कुठे चकाकते, कुठे मंदावते, यावरून आकडे कळतात. 'जाळणे' हा शब्द इथे अगदी सार्थ आहे, आणि जळलेले पुन्हा कोरे होत नाही.

चकतीवर ओरखडा आला तर? १९६० मध्ये आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी मांडलेल्या गणिती संकेताची इथे मदत होते. माहितीबरोबर थोडी जादा माहिती लिहून ती चकतीवर विखरून ठेवतात. वाटेचा सुमारे अडीच मिलिमीटर भाग सलग गेला, तरी हरवलेले आकडे हिशेबाने परत मिळतात.

व्हीसीडीने काय दिले, काय घेतले?

१९९३ मध्ये व्हिडिओ सीडीचे प्रमाणक ठरले. साध्या सीडीवर ७४ मिनिटांचे चलचित्र बसवायचे, म्हणून चित्र ३५२ × २८८ बिंदूंपुरते केले. आशियात व्हीसीडी चांगलीच रुजली. प्लेअर स्वस्त होते, तबकड्याही स्वस्त झाल्या. दिल्लीजवळ नोएडात कारखाना असलेली मोझर बेअर ही भारतीय कंपनी एकेकाळी कोऱ्या तबकड्या बनवणाऱ्या जगातील मोठ्या कंपन्यांत गणली जाई. लग्नाच्या कॅसेटची जागा लग्नाच्या सीडीने घेतली आणि गावोगावचे स्टुडिओ डिजिटल फोटोंचीही व्हीसीडी करून देऊ लागले.

१९९५ च्या सुधारित प्रमाणकात स्थिर चित्रासाठी ७०४ × ५७६ बिंदूंची सोय होती. पण अनेक ठिकाणी सोपा मार्ग घेतला जाई. सगळे फोटो एकामागून एक लावून त्यांचे साधे चलचित्र करायचे. आमच्या सीडीचे हेच झाले होते. आता हिशेब करू. कॅमेऱ्यातील मूळ फोटो १६०० × १२०० म्हणजे १९,२०,००० बिंदूंचा. सीडीवरचा ३५२ × २८८ म्हणजे १,०१,३७६ बिंदूंचा. एकोणीस बिंदूंपैकी एक उरला. जुन्या टीव्हीवर दुरून पाहताना ही घट कोणाला दिसली नाही. थोडे तिरपे आलेले क्षितिज पायऱ्यापायऱ्यांचे दिसे, एवढेच.

चुटपुट लागते ती पुढच्या हिशेबाची. ३८ फोटो, प्रत्येकी पाच सेकंद, म्हणजे जेमतेम तीन मिनिटांचे चलचित्र. ७०० मेगाबाइटच्या तबकडीतील सुमारे पस्तीस मेगाबाइट त्यात गेले. मूळ फोटो कार्डावर मावले होते, म्हणजे ३२ मेगाबाइटपेक्षा जास्त नव्हते. दोन्ही मिळून तबकडीचा दहावा भागही भरला नसता. मूळ फोटो त्याच तबकडीवर वेगळ्या कप्प्यात सहज ठेवता आले असते. जागा होती, यंत्र होते, खर्चही तेवढाच होता. ठेवायला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. कोडॅकने १९९२ मध्ये जे जाणले होते, ते आम्ही २००३ मध्ये विसरलो.

अठरा बिंदूंचा माणूस

संगणकावर सीडी उघडली तेव्हा शेवटचे दोन-तीन फोटो वाचले गेले नाहीत, बाकीचे उतरले. एका फोटोत वारेच्या बाजूची पुळण आहे आणि डाव्या कडेला एक माणूस उभा आहे. हा माणूस टीव्हीवर आम्ही कधीच पाहिला नव्हता, कारण तो नेमका चौकटीआड जाणाऱ्या पाच टक्क्यांत होता. संगणकाचा पडदा कडा कापत नाही. ते बाबा होते. त्या दिवशीचे जवळजवळ सगळे फोटो त्यांनीच काढले. हा एक मी काढला होता, समुद्र मधोमध धरून, आणि नंतर विसरूनही गेलो.

३५२ चे पाच टक्के म्हणजे सतरा-अठरा बिंदू. त्या पट्टीत बाबा आहेत. चेहरा सात बिंदूंचा. उभे राहण्याच्या ढबीवरून मी त्यांना ओळखले. मूळ फोटोत तोच चेहरा तीस-बत्तीस बिंदूंचा असता. ते हसत होते की उन्हाने डोळे बारीक केले होते, तेवढे तरी नक्की कळले असते. गेलेले बिंदू कोणत्याही गणिताने परत येत नाहीत. आजची नवी सॉफ्टवेअर चेहरा ठळक करून देतात, पण तो चेहरा त्यांनी अंदाजाने भरलेला असतो. तो बाबांचा असेलच असे नाही.

शाळेचे कपाट

हे घरचे रडगाणे म्हणून सांगितले नाही. अनेक शाळांच्या कपाटात स्नेहसंमेलनाच्या, सहलींच्या, निवृत्त शिक्षकांच्या निरोप समारंभाच्या सीड्या आजही पडून आहेत. त्यांचे आयुष्य आकड्यांवर नव्हे, रंगद्रव्यावर अवलंबून आहे. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी ते हळूहळू बिघडते, चांदीचा थर काळवंडतो. कोकणात दमटपणाची वेगळी ओळख करून द्यायला नको. बेलीझ या मध्य अमेरिकेतील दमट देशातून आलेल्या एका तबकडीचे थर बुरशीने पोखरल्याचे स्पेनमधील शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये नोंदवले. सीडीची माहिती लेबलाच्या बाजूला, पातळ लेपनाखालीच असते. त्यामुळे खालच्या ओरखड्यापेक्षा वरून बॉलपेनने लिहिलेले नाव जास्त घातक ठरू शकते. दुरुस्तीच्या संकेतामुळे बिघाड बराच काळ लपून राहतो. काल चाललेली सीडी आज अचानक चालत नाही.

शिवाय वाचणारी यंत्रे कमी होत आहेत. तायो युडेनने २०१५ मध्ये तबकड्यांचे उत्पादन थांबवले. मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली. नव्या संगणकांत बहुधा सीडी ड्राइव्ह नसतो. नवा टीव्ही तर पेन ड्राइव्हवरचा जेपेग फोटो सरळ दाखवतो, मध्ये तबकडी लागतच नाही.

तेव्हा या सुट्टीत शाळेचे कपाट उघडावे. चालू ड्राइव्ह असलेला एखादा संगणक शोधून प्रत्येक सीडी हार्ड डिस्कवर उतरवावी, दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत ठेवावी. सीडीवर मूळ फोटो आहेत की नुसते टीव्हीसाठी केलेले चलचित्र, हे तपासावे. चलचित्रच असेल तर स्टुडिओकडे किंवा ज्याचा कॅमेरा होता त्याच्याकडे मूळ फोटो आहेत का, हे आजच विचारावे. आणि एक आजची चूकही टाळावी. सहलीचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकले म्हणजे जपले, असे होत नाही. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो वाटेत लहान होतो. ती पाहायची प्रत आहे. जपायची प्रत फोनमधून वेगळी काढून ठेवावी लागते.

वर्गात हे समजावण्यासाठी आलेखाचा कागद पुरतो. अठरा चौकोन रुंद आणि साठ चौकोन उंच अशी पट्टी आखायला सांगा. तिच्यात पूर्ण चौकोन भरत एक ओळखीचा माणूस काढायचा, अर्धा चौकोन भरायचा नाही. मग कागद भिंतीवर लावून वर्गाला विचारा, हा कोण? काही जणांना उभे राहण्याच्या ढबीवरून ओळखता येईल. चेहऱ्यावरून कोणालाच नाही.