तळटीप १२ : शिंग

१२. शिंग : येथे जनावराचे नव्हे, फुंकायचे. मूळचे हे वाद्य शिंगाचेच. पुढे ते तांब्या-पितळेचे घडवू लागले, बाक आणि नाव तेवढे टिकले. त्याला भोके नसतात. ओठांच्या दाबावर मोजकेच सूर निघतात. म्हणून ते गाण्यापेक्षा इशाऱ्याला, स्वारीला आणि वरातीला. शनिवारवाड्याच्या (बांधकाम १७३०–३२) दिल्ली दरवाजावरचा नगारखाना म्हणजे मुख्यतः सनई-चौघड्याची जागा. शिंगाची आणि सनई-चौघड्याची गल्लत करू नये. बंदुकीची दारू ठेवायच्या पात्रालाही शिंगच म्हणत. तो अर्थ येथे लागू नाही. लॅटिन ‘कॉर्नू’चाही पसारा असाच : जनावराचे शिंग, रोमन सैन्याचा वाकडा कर्णा, फौजेची बगल, चंद्रकोरीचे टोक.