सान आगुस्तीन : प्रार्थनामंदिराचे ग्रंथागार

धर्मसंस्थेची वास्तू राज्यसत्तेने ताब्यात घेतली म्हणजे तेथील उपासना थांबते. परंतु त्या संस्थेने संचित केलेल्या विद्येचे काय होते, हा प्रश्न इतिहासात क्वचितच विचारला जातो. मेक्सिको शहरातील सान आगुस्तीन हे चर्च या दृष्टीने अभ्यसनीय आहे. हेच चर्च पुढे देशाचे राष्ट्रीय ग्रंथालय झाले आणि नाहुआत्ल भाषेतील एका अमोल हस्तलिखिताचे आश्रयस्थान ठरले.

ऑगस्टिनियन पंथाचे साधू इ. स. १५३३ मध्ये मेक्सिकोत आले. त्यांचे जुने चर्च १६७६ च्या आगीत नष्ट झाल्यावर आजची वास्तू उभारण्यात आली. ती १६९२ मध्ये पूर्ण झाली. जुलै १८५९ मध्ये बेनितो हुआरेस यांच्या शासनाने चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या स्वाधीन केली. बंद केलेल्या मठांतील ग्रंथ, हस्तलिखिते, चित्रे व पुराणवस्तू सार्वजनिक ग्रंथालये व संग्रहालये यांस द्याव्यात, असे त्या कायद्यात स्पष्ट म्हटले होते. पुढे ३० नोव्हेंबर १८६७ च्या आज्ञापत्राने सान आगुस्तीनची वास्तू राष्ट्रीय ग्रंथालयासाठी नेमून देण्यात आली. रूपांतराचे काम दीर्घकाळ चालले व उद्घाटन २ एप्रिल १८८४ रोजी झाले. या स्थित्यंतरात काही गमावलेही गेले. बायबलच्या जुन्या करारातील प्रसंग कोरलेली गायकवृंदाची काष्ठासने मूळ स्थानावरून हलली. ती पुढे राष्ट्रीय पूर्वतयारी विद्यालयाच्या सभागृहात गेली.

मठांचे व जुन्या विद्यापीठाचे ग्रंथ या ग्रंथालयात एकत्र आले. १८८० मध्ये संचालकपदी आलेले होसे मारिया विहिल यांनी या संग्रहातील 'कान्तारेस मेहिकानोस' या सोळाव्या शतकातील गीतसंग्रहाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. आन्तोनियो पेन्याफिएल यांनी १९०४ मध्ये त्याची छायाप्रत प्रसिद्ध केली. यातील नाहुआत्ल गीते रोमन लिपीत आहेत. काही गीतांसोबत ति, कि, तो, को अशा अक्षरांनी ढोलाचे बोल नोंदविलेले आहेत. तथापि या लेखनपद्धतीत स्वरांचे ऱ्हस्वदीर्घत्व व कंठद्वारीय स्पर्श ही अर्थभेदक लक्षणे नियमितपणे दाखविली जात नाहीत. ती दाखविण्याची पद्धतशीर योजना ओरासियो कारोची या जेझुइट पंडिताच्या १६४५ च्या व्याकरणात आढळते. म्हणजे हस्तलिखित जतन झाले तरी त्याचा ध्वनी वाचकास भाषेच्या ज्ञानानेच पुन्हा उभा करावा लागतो.

अर्थाविषयीही मतभेद आहेत. आन्खेल मारिया गारिबाय व मिगेल लेओन-पोर्तिया यांनी या गीतांत स्पॅनिश विजयापूर्वीची काव्यपरंपरा पाहिली. जॉन बीरहॉर्स्ट यांनी १९८५ च्या आवृत्तीत ती प्रामुख्याने विजयोत्तर काळाची निर्मिती मानली. गीतांत ख्रिस्ती नामे येतात, तशीच जुन्या राजांचीही येतात. संहिता कोणत्या एका धर्माची, हा प्रश्न येथे अपुरा पडतो. ज्या वास्तूत ती राहिली, तिच्याविषयीही तो तितकाच अपुरा आहे.

याच पंथाचे एक भव्य चर्च गोव्यात होते. पोर्तुगीज शासनाने १८३५ मध्ये तेथील धर्मपंथ बरखास्त केल्यावर त्या वास्तूस नवा उपयोग लाभला नाही. १८४२ मध्ये तिची कमान-छत कोसळली. १९३१ मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. आज मनोऱ्याचा भग्न अवशेष तेवढा उभा आहे. दोन्ही ठिकाणी जप्ती झाली, परंतु एका ठिकाणी जप्तीनंतरचे कार्य कायद्यानेच ठरले होते. वास्तू तगून राहण्यामागील अनेक कारणांत हे कारण गौण म्हणता येणार नाही.

सान आगुस्तीनचे ग्रंथालय १९२९ मध्ये राष्ट्रीय विद्यापीठाच्या अधीन झाले. शहराखालील भूमी जुन्या सरोवराच्या मऊ गाळाची असल्याने वास्तू खचत गेली. १९७९ मध्ये ग्रंथालय विद्यापीठाच्या परिसरातील नव्या इमारतीत गेले व पुढे दुर्मिळ संग्रहही तेथे हलला. दगडी छत्र सुटले तरी संहिता सुरक्षित राहिली. नाहुआत्ल आजही पंधरा लाखांहून अधिक लोकांच्या मुखी आहे. म्हणूनच या गीतांस केवळ गतकाळचा अवशेष मानणे युक्त नव्हे. त्यांच्या वाचनात त्या भाषिकांचा वाटा किती राहतो, यावरच जतनाच्या या दीर्घ प्रयत्नाची खरी कसोटी लागणार आहे.